कोल्हापुरात नवे आहात? मग आधी ‘नाद’ समजून घ्या

कोल्हापुरात मिसळ झकास झाली की माणूस म्हणतो, ‘नाद खुळा!’ शेजारचं पोरगं कामधंदा सोडून बसलं की त्याची आई म्हणते, ‘नाद लागलाय त्याला.’ चौकात दोन गाड्या घासल्या की एक जण दुसऱ्याला बजावतो, ‘नाद करायचा नाय.’ आणि गॅसवरचं दूध उतू गेलं की घरातली मोठी बाई म्हणते, ‘बोलायच्या नादात ध्यानच ऱ्हायलं नाय.’ दोन अक्षरांचा हा शब्द एका दिवसात शाबासकी, तक्रार, धमकी आणि सबब अशी चार कामं करतो. नवा माणूस गडबडतो यात त्याचा काही दोष नाही.

मी मूळची अकोल्याची. लग्नानंतर इथे आले आणि आता इथलीच झाले. ‘नाद’ आमच्या वऱ्हाडातही आहे, मराठी बोलली जाते तिथे सगळीकडे आहे. पण इतक्या वेगवेगळ्या कामांना जुंपलेला मी फक्त इथे पाहिला. नोकरीसाठी, शिकायला, बदलीनं किंवा लग्न होऊन इकडे येणाऱ्यांना निदान पहिल्या महिन्यात चुकीच्या जागी हसावं लागू नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ‘नाद’ या शब्दाकडे फार लक्ष देऊ नका. त्याच्या मागच्या ‘चा-ची-चे’कडे आणि पुढच्या क्रियापदाकडे लक्ष द्या. अर्थ तिथे असतो.

काय काय लागेल

- एक छोटी वही, किंवा मोबाईलमधली नोंदींची सोय. वाक्य पूर्ण लिहायचं, नुसता शब्द नाही. शेजारी कोण कुणाला म्हणालं तेही.
- इथं जन्मलेला, तुमच्याच वयाचा एक मित्र किंवा मैत्रीण. शंका विचारायला.
- इथलंच एखादं साठीच्या पुढचं माणूस: घरमालकीण, मावशी, कोपऱ्यावरचे पानवाले काका. तरुणांचा ‘नाद’ आणि यांचा ‘नाद’ वेगळा आहे, म्हणून दोन्ही लागतात.
- मूळ खणायची हौस असेल तर दोन कोश. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२ पासून पुढे खंडांनी निघाला). दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात. विकत घ्यायची घाई नको.
- थोडा धीर.

१. शब्द नीट ऐका: नाद की नांद?

इथले लोक भराभर बोलतात आणि शेवटचे स्वर गिळतात. त्यामुळे पहिली गफलत अर्थाच्याही आधी कानातच होते.

‘नाद’ आणि ‘नांद’ यांच्यात एका अनुस्वाराचं अंतर आहे. नांद म्हणजे पाणी साठवायचं किंवा जनावरांना पाणी पाजायचं मोठं भांडं. नांदणं म्हणजे सासरी किंवा आपल्या घरी सुखानं राहणं. आता ‘ती नांदायला गेली’ आणि ‘ती नादाला लागली’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिलं ऐकून पेढे वाटतात. दुसरं ऐकलं की आवाज खाली येतो आणि दार लोटून घेतलं जातं. कुणाच्या लेकीसुनेबद्दल बोलताना हा अनुस्वार नाकातून स्पष्ट काढा, शंका असेल तर शब्दच बदला आणि ‘सासरी गेली’ म्हणा.

दुसरी गफलत कानडीची. सीमा जवळ आहे. अण्णा, अक्का असे शब्द घराघरांत आहेत, त्यामुळे कुठलाही शब्द कानडीतून आला म्हणून सांगणारं कुणीतरी भेटतंच. कानडीतला ‘नाडू’ म्हणजे प्रदेश, मुलूख, तमिळनाडूतला तोच. त्याचा आपल्या ‘नाद’शी काही संबंध नाही. ‘नाद’ संस्कृतातून सरळ आलेला आहे आणि कानडीतही तो आवाज या अर्थानं तिथूनच गेलेला आहे.

२. क्रियापद पकडा

ही पायरी सगळ्यात मोठी आहे आणि इथे घाई करून चालत नाही.

*नाद असणे.* ‘त्याला नाद आहे.’ इथे आधीचा शब्द ऐका. दारूचा, पत्त्यांचा, मटक्याचा असेल तर व्यसन. कुस्तीचा, बैलांचा, कबुतरांचा, गाण्याचा असेल तर हौस, आणि सांगणाऱ्याच्या आवाजात बहुतेक वेळा कौतुकच असतं, तक्रारीच्या कपड्यात. काहीच शब्द न लावता नुसतं ‘त्याला नाद हाय’ असं हळू आवाजात सांगितलं, तर ती दारू समजा.

इथे नवा माणूस विचारतो, मग छंद आणि नाद यांत फरक काय? माझं उत्तर असं: छंद वेळ मिळाला तर करतात आणि नोकरीच्या अर्जात लिहितात. नादासाठी वेळ, पैसा आणि घरच्यांच्या शिव्या खायची तयारी, तिन्ही बाजूला काढून ठेवावं लागतं. ‘वाचनाचा छंद’ कुणीही सांगतं. ‘पुस्तकांचा नाद’ असलेल्या माणसाच्या घरात पाय ठेवायला जागा नसते.

*नाद लागणे, नाद जडणे.* हे आपोआप घडतं. इथे माणूस कर्ता नाही, नाद कर्ता आहे. ताप यावा तसा तो येतो. म्हणून ‘मला नाद लागला’ या वाक्यात कबुली असते पण अपराध फारसा नसतो. मुलाची बाजू घेणारी आई नेहमी हेच क्रियापद वापरते. वडील ‘करतोय’ म्हणतात, आई ‘लागलाय’ म्हणते. ऐकून बघा.

*कुणाच्या तरी नादी, नादाला लागणे.* इथे ‘चा’ची जागा माणसानं घेतली की वाक्य धोक्याच्या हद्दीत शिरतं. याचे अर्थ तीन. मित्राच्या नादाला लागला, म्हणजे संगतीनं बिघडला. कुणा बाईच्या किंवा बुवाच्या नादाला लागला, म्हणजे भानगड. आणि ‘माझ्या नादाला लागू नगंस’, म्हणजे माझ्याशी भांडण काढू नकोस. तिन्हींत समान काय? दुसऱ्याच्या ओढीत सापडणं. पहिल्या दोन अर्थांचं वाक्य तिसऱ्या माणसाबद्दल असतं, ते तुम्ही ऐकायचं आणि विसरायचं. पुढे सांगायचं नाही. बाईबद्दल असं वाक्य तर नवख्यानं कधीच उच्चारू नये, ते थेट चारित्र्यावर जातं.

*नाद करणे.* हे सगळ्यात कोल्हापुरी, आणि सगळ्यात फसवं. यात काळ बघावा लागतो. ‘आमचा नाद करायचा नाय’: नकार आणि पुढचा काळ, म्हणजे इशारा. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे, रिक्षाच्या काचेवर, तरुण मंडळाच्या फलकावर हे रंगवलेलं दिसेल. तिथे मात्र इशारा कुणालाच नसतो, ती मिशीला पीळ दिल्यासारखी नुसती ऐट. ‘नाद कराय लागलाईस काय?’: चालू काळ आणि प्रश्न, म्हणजे वैताग. माझी फिरकी घेतोयस का, असा. आणि ‘नाद केलास भावा!’: भूतकाळ, समोरच्याला उद्देशून, म्हणजे मनापासूनची शाबासकी. मॅच जिंकलीत, परीक्षा काढलीत, गाडी उलट्या बाजूनं अरुंद बोळात घातलीत, की ही मिळते. शब्द तेच, काळ बदलला की धमकीची शाबासकी होते.

*नाद सोडणे.* वस्तूचा किंवा सवयीचा सोडला तर सुधारणा. माणसाचा सोडला तर हताशा: ‘तुझा नाद सोडला बाबा’ म्हणजे तुला सांगून उपयोग नाही. आज्ञार्थात ‘सोड नाद’ ऐकू आलं, तर ते बहुतेक वेळा सांत्वन असतं. प्रेमभंग, हुकलेली बढती, कचेरीत अडकलेली फाईल, तिन्हींवर हेच औषध दिलं जातं.

*नादात.* सगळ्यात गरीब आणि निरुपद्रवी. ‘आपल्याच नादात चाललाय’ म्हणजे तंद्रीत. ‘घाईच्या नादात किल्ली आत राहिली’ म्हणजे घाईपायी. हे सगळ्या महाराष्ट्रात चालतं, इथेही चालतं, साहेबासमोरही चालतं.

३. कोण विचारतंय ते बघा

खोली भाड्यानं घ्यायला गेलात की घरमालकीण पाण्याचा तांब्या पुढे करून विचारेल, ‘काय नादबिद नाय नव्हं?’ हा प्रश्न तुमच्या आवडीनिवडींचा नाही. ती दारू, सिगारेट, पत्ते आणि रात्री उशिरा येणारे मित्र, एवढं सगळं त्या ‘बिद’मध्ये विचारते आहे. उत्साहानं ‘आहे की, गिर्यारोहणाचा!’ असं सांगू नका. ‘नाय काकू, चहा तेवढा’ हे उत्तर दोन्ही बाजूंना समजतं.

लग्न जमवतानाही हाच अर्थ. जाहिरातीत ‘निर्व्यसनी’ छापतात. बैठकीत तेच ‘पोराला कसला नाद न्हाय’ असं सांगितलं जातं. तुमच्याबद्दल कुणी असं म्हणालं तर तो मोठा दाखला आहे, नम्रतेनं खोडून काढायला जाऊ नका.

साधारण नियम असा ठेवा: साठीच्या पुढच्या माणसाच्या तोंडी एकटा ‘नाद’ आला तर वाईट सवय समजा. पंचविशीच्या आतल्याच्या तोंडी आला तर बहुधा कौतुक किंवा ऐट. मधल्या वयाचे लोक दोन्ही वापरतात आणि कधीकधी एकाच वाक्यात. ‘नाद लई वाईट!’ हे पन्नाशीचा माणूस नव्या मोटारसायकलकडे बघत म्हणतो तेव्हा त्यात पश्चात्ताप शोधू नका.

आणखी एक इथली खास गोष्ट. कोल्हापूर भागात बायका आणि मुली बोलताना स्वतःबद्दल पुल्लिंगी रूपं सर्रास वापरतात: मी आलो, मी जातो, मी बसलो. त्यामुळे फोनवर कुणी ‘मी त्याच्या नादाला लागलो आणि उशीर झाला’ म्हणालं, तर बोलणारा पुरुषच आहे असं धरून चालू नका. कॉलेजच्या पोरी एकमेकींनाही ‘भावा’ म्हणतात. मला सुरुवातीला हे विचित्र वाटलं होतं, आता माहेरी फोनवर मीच ‘आलो आलो’ म्हणते आणि आई तिकडून हसते.

‘गा’ आणि ‘की’ हे दोन अव्ययही ओळखून ठेवा, कारण ते धार कमी करतात. ‘नाद सोड’ ही आज्ञा, ‘नाद सोड की गा’ ही विनवणी. ‘गा’ पुरुषाला, तोही बरोबरीच्याला. थोरामोठ्यांना ‘गा’ लावायचा नाही.

४. ‘नाद खुळा’ वेगळा शिका

याला ‘नाद’च्या यादीत बसवायला गेलात तर अडकाल. हा स्वतंत्र उद्गार आहे: भन्नाट, कमाल, तोड नाही.

‘खुळा’ म्हणजे वेडा. डोक्यात खूळ शिरतं, त्यातलाच. पण नाद आणि खुळा यांचं नातं दोन रीतींनी लावता येतं आणि दोन्ही रीती इथे चालू आहेत. एक, नाद हाच खुळा: हे वेडच असं आहे की त्याला सीमा नाही. हे पूर्ण वाक्य झालं, म्हणून ते उद्गार म्हणून उभं राहतं आणि दोन शब्दांत लिहावं. दुसरी, नादानं खुळा झालेला: हा समास, माणसाचं विशेषण, म्हणून जोडून लिहावं. ‘नाद खुळा मॅच झाली!’ आणि ‘नादखुळा माणूस आहे तो.’ इतकी शिस्त प्रत्यक्षात कुणी पाळत नाही. दुकानाच्या पाट्यांवर दोन्ही प्रकार सापडतील. पण तुम्ही लिहिणार असाल तर निदान एका लेखात एकच ठेवा.

लिंगवचनाचं काय? उद्गार बदलत नाही. मिसळ असो, गर्दी असो, पाऊस असो, ‘नाद खुळा’च. विशेषण म्हणून कुणी ‘नादखुळी मिसळ’ करतं, कुणी ‘नादखुळा मिसळ’च ठेवतं. मला दुसरं जास्त इथलं वाटतं.

उच्चारात ‘नाद’ आखूड, ‘खुळा’ लांबवलेला. जितकं लांबवाल तितकं कौतुक जास्त. अती लांबवलंत तर मात्र समोरच्याला वाटेल की तुम्ही कोल्हापुरी माणसाची नक्कल करताय, आणि ते इथे खपत नाही.

इथे फसतात: हा उद्गार चांगल्या गोष्टीसाठी आहे, मोठ्या गोष्टीसाठी नाही. पंचगंगेला पूर येऊन पाणी रस्त्यावर आलेलं असताना, त्याचं रूप कितीही अफाट दिसलं तरी, ‘नाद खुळा पाणी’ म्हणू नका. २०१९ साली ज्यांची घरं पाण्यात गेली ते तुमच्या शेजारी उभे असू शकतात. मयताला, दवाखान्यात, कुणाच्या कर्जाच्या आकड्यावरही नको.

५. मूळ शोधताना पाय जमिनीवर ठेवा

कोशात ‘नाद’ काढला की पहिला अर्थ मिळतो तो आवाजाचा. घंटेचा नाद, शंखनाद. संस्कृतात ‘नद्’ हा धातू आहे, अर्थ आवाज करणे, गर्जणे. नदीचं नावही याच धातूतून आलं असं फार जुनं मत आहे. अथर्ववेदात पाण्याला उद्देशून म्हटलं आहे की तुम्ही वाहताना नाद केलात म्हणून तुमचं नाव नदी. म्हणजे पंचगंगा आणि ‘नाद खुळा’ एका गोत्रातले निघतात. हे सांगून मी अनेकांना चकित केलं आहे, तुम्हीही करा.

याच्या शेजारी एक दुसरी व्युत्पत्ती ठेवते. तेराव्या शतकात, देवगिरीच्या यादवांच्या काळात, शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात नादाची फोड अशी दिली आहे की ‘न’ म्हणजे प्राण आणि ‘द’ म्हणजे अग्नी. दोन्हींच्या संयोगानं उपजतो तो नाद. सुंदर आहे, गायकाला पटण्यासारखं आहे, कारण श्वास आणि ऊब यांशिवाय गळ्यातून सूर निघत नाही. पण ही शब्दाची उत्पत्ती नाही, शब्दावर रचलेला विचार आहे. अक्षरं सुटी करून प्रत्येकाला अर्थ चिकटवायची ही रीत आजही जोरात आहे, आणि मोबाईलवर फिरणाऱ्या ‘तुम्हाला माहीत आहे का’ छापाच्या मजकुरांत ती दर आठवड्याला भेटते. कोशातला धातू आणि कुणीतरी बसवलेली फोड, या दोन गोष्टी वहीत वेगळ्या पानांवर लिहा.

आता खरा प्रश्न. आवाजाचं व्यसन कसं झालं?

संगीतात नादाचे दोन प्रकार सांगतात: आहत, म्हणजे आघातातून निघालेला, कानांना ऐकू येणारा, आणि अनाहत, म्हणजे आघाताशिवायचा, जो योग्यांनी ध्यानात ऐकायचा. दोन्हीकडे नाद ऐकणारा माणूस भोवतालचं विसरतो. बासरीच्या आवाजानं गोपी कामं टाकून निघाल्या, पारध्याच्या सुरांना भुलून हरीण जाळ्यात आलं, या गोष्टी आपल्याकडे कीर्तनात शतकानुशतकं सांगितल्या गेल्या. आवाजानं ओढलं जाणं, मग ओढ हाच अर्थ, मग ओढीची सवय: मला ही वाट सरळ दिसते. शिवाय ‘नाद’ एकटा नाही. मराठीनं संगीताचे शब्द उचलून माणसाच्या अवस्थांना लावले आहेत. प्यालेला माणूस ‘तारेत’ असतो, मिरवणारा ‘तालात’ चालतो, हुकमातला माणूस बायकोच्या नाहीतर साहेबाच्या ‘तालावर’ नाचतो, कामात जम बसला की ‘सूर’ लागतो. या मंडळीत ‘नाद’ शोभून दिसतो.

पुढचा प्रवास क्रियापदांनी केला. दारूच्या नादी लागू नको, वाईट माणसाच्या नादी लागू नको, इथपर्यंत तो उपदेश होता. उपदेश करणाऱ्यानं ‘वाईट माणसा’च्या जागी ‘मी’ ठेवलं की झाली धमकी: माझ्या नादी लागू नको. धमकी वारंवार दिली की तिची ऐट होते, ऐट दुसऱ्याबद्दल बोलली की कौतुक होतं. स्तुतीचा हा शेवटचा टप्पा जुन्या कोशांत शोधू नका, तो बोलण्यात वाढलेला आहे.

इथे फसतात: ‘नाद खुळा’ अमुक तालमीत जन्मला, तमुक पैलवानाच्या तोंडून पहिल्यांदा आला, असं छातीठोक सांगणारे भेटतील. प्रत्येक पेठेत वेगळा पैलवान निघतो. चहा पाजा, ऐका, आणि नोंदीपुढे ‘ऐकीव’ असा शेरा मारा. वाद घालायचा नाही.

६. नाद प्रत्यक्ष बघून या

वाचून हा शब्द अर्धाच कळतो. कोल्हापुरात तो बघायची सोय आहे.

दिवाळी पाडव्याला म्हशींची मिरवणूक गाठा. कसबा बावडा, सागरमाळ, पंचगंगा घाट, जिथे जवळ पडेल तिथे. शिंगं रंगवलेल्या, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसांचे तुरे ल्यालेल्या म्हशी येतात. मालक मोटारसायकलवर पुढे, सायलेन्सर काढलेला, इंजिन फाडफाड वाजतंय, आणि त्या आवाजाच्या रोखानं म्हैस मागून उधळल्यासारखी पळते. गर्दीत दुसऱ्या दहा गाड्या वाजत असतात. ती आपल्याच मालकाच्या गाडीमागे जाते. वर्षभर खुराक, अंघोळ आणि सराव करून घेतलेला असतो. शब्दाचा पहिला अर्थ आवाज आणि शेवटचा अर्थ वेड, दोन्ही एका रस्त्यावर पळताना बघायचे असतील तर याहून बरी जागा मला माहीत नाही. कानात कापूस घालून जा, लहान मुलं सांभाळा आणि म्हशीच्या वाटेत उभं राहून फोटो काढू नका.

कुस्तीसाठी खासबाग मैदान. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१२ सालचं. मैदान नसेल त्या दिवशी गंगावेशीतली किंवा मोतीबाग तालीम पहाटे बाहेरून बघा. आत जायचं तर वस्तादांना विचारून, चप्पल काढून.

फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियम. इथे संघ तालमींचे आणि पेठांचे: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. ‘नाद करणे’ची सगळी रूपं नव्वद मिनिटांत ऐकू येतात. दोन संघांच्या समर्थकांच्या मधोमध बसू नका. कुठल्या पेठेत राहता हे विचारलं तर खरं सांगा, पण कुठला संघ ते सांगायची घाई नको.

आणि गाण्याच्या नादासाठी गायन समाज देवल क्लब. १८८३ पासूनची संस्था. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या पदरी इथे दरबारगायक होते. तिथल्या मैफलीला कुणी ‘नाद खुळा’ म्हणून ओरडत नाही, दाद हळू ‘क्या बात है’नं जाते. पण बाहेर चप्पल घालताना एखादे काका सोबत्याला म्हणतील, ‘या गाण्याचा नाद काय सुटायचा नाय बघा.’

७. आता बोलायला लागा, पण क्रमानं

पहिले काही आठवडे फक्त ऐका आणि नोंदी करा.

मग ‘नादात’पासून सुरुवात करा, ते कुठेच अडत नाही. नंतर स्वतःच्या एखाद्या आवडीला ‘नाद’ म्हणून बघा: ‘मला जुन्या रेडिओंचा नाद आहे.’ समोरचा माणूस लगेच आपला नाद सांगायला लागतो. इथे ओळखी वाढवायचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

त्यानंतर ‘नाद खुळा’. पहिल्यांदा जेवणावर वापरा. तांबडा-पांढरा रस्सा वाढणाऱ्या माणसाला हे सांगितलंत की वाटी पुन्हा भरली जाते, नको म्हणालात तरी. यजमानीण वयानं मोठी असेल तर ‘काकू, लई भारी झालंय’ एवढं पुरे. त्यांना ‘नाद खुळा’ कळतो, पण पोरकट वाटतो.

‘सोड नाद’ जवळच्या मित्रालाच. ‘नाद केलास’ कुणालाही चालेल, कौतुक खरं असेल तर.

कार्यालयातल्या पत्रात, अर्जात, तक्रारीत यांतलं काहीही नको. अधिकारी कोल्हापूरचा असला तरी नको, उलट तेव्हा तर मुळीच नको.

राहता राहिलं ‘आमचा नाद करायचा नाय’. ते शेवटी ठेवा आणि शक्यतो थट्टेतच ठेवा. रस्त्यात गाडी घासल्यावर ते कुणी तुम्हाला म्हणालं तर उत्तर द्यायचं नाही. ‘ऱ्हाऊ दे दादा’ म्हणून गाडी पुढे काढायची. स्वतः म्हणायची वेळ आलीच, तर आधी बघा की वाक्यात ‘माझा’ नाही, ‘आमचा’ आहे. हाक मारली तर घरातून चपला घालून बाहेर येतील अशी चार माणसं गल्लीत झाली, की मग म्हणा.